आहेराची वही आणि आफ्रिकेतल्या बायका

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? काका, तो पंखा जरा कमी करा, माझे कागद उडतायत, आणि एकदा का कागद उडाले की थांबायचं कुठे ते मला कळणार नाही, मग तुमचंच अवघड आहे. (हशा)

तर पत्रिकेत विषय छापलाय 'आफ्रिकी लेखिकांच्या कादंबऱ्यांतली भाषा'. विषय मीच दिला, फोनवर दिला, तेव्हा गॅसवर दूध होतं आणि समोरून विचारत होते की ताई पत्रिका छापायला जातेय, काहीतरी सांगा. भाषेवर बोलणार आहे मी, नक्की बोलणार, पण शेवटी. त्याआधी मला एक गोष्ट बोलायचीये जी मी गेले आठ महिने घरात सगळ्यांना सांगतेय आणि आता घरात कोणी ऐकायला तयार नाही. आमचे हे तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यांनी कृपया 'झालं सुरू' अशी मान हलवू नये, सगळ्यांना दिसते ती.

झालं असं की गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे घरात. टीव्ही तरी किती बघणार. माझी भाची आली आणि पुस्तकांची एक पिशवी टेकवून गेली, म्हणाली मावशी हे वाच, सगळ्या आफ्रिकेतल्या बायका आहेत. मी म्हटलं बरं. आणि नेमकं भाऊबीजेच्या दिवशी सकाळी, भाऊ यायचा होता, मी पाय उशीवर ठेवून पहिलं पुस्तक उघडलं, तर पहिलंच वाक्य, माझा भाऊ मेला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. भाऊबीजेला! मी पुस्तक मिटलं. पाच मिनिटांनी परत उघडलं. संध्याकाळी ओवाळताना भाऊ म्हणाला, अगं अशी काय बघतेस माझ्याकडे. (हशा)

ते पुस्तक म्हणजे 'नर्व्हस कंडिशन्स', १९८८ सालचं, लेखिका झिम्बाब्वेची, त्सित्सी डांगारेम्ब्गा. नाव म्हणायला मला आठवडा लागला, आता झोपेतही म्हणते. गोष्ट त्या देशाला ऱ्होडेशिया म्हणत होते त्या काळातली, साठ-सत्तरचं दशक. तांबू नावाची मुलगी आहे खेड्यातली. घरात पैसे नाहीत, फी एकाच मुलाची भरता येते, तेव्हा अर्थातच भावाची. ही म्हणते मी मका लावते, विकते, माझी फी मी भरते. बाप म्हणतो, पुस्तकं शिजवून नवऱ्याला वाढणार आहेस का? आता हे वाक्य तुम्ही मला सांगा तुम्ही कुठे ऐकलंय. मी ऐकलंय. शब्द थोडे वेगळे होते, आमच्याकडे 'शिकून काय कलेक्टर होणार आहेस का' असं होतं, चूल तीच.

बरं, ती मका लावते, पहाटे उठून खुरपते, पाणी घालते. कणसं भरायला लागतात आणि गायब व्हायला लागतात. कोण चोरतं? भाऊ. चोरतो आणि शाळेत मित्रांना वाटतो. मग ते पहिलं वाक्य का ते कळायला लागतं.

पुढे तिचे एक मास्तर तिला उरलेली कणसं घेऊन शहरात नेतात, तिथे एक गोरी म्हातारी भेटते, तिचं नाव डॉरिस, ती आधी मास्तरांनाच झापते की लहान पोरीला कामाला लावता, आणि मग सगळं ऐकल्यावर दहा पौंड काढून देते. आता इथे दुसरा कुठलाही लेखक असता तर त्या म्हातारीच्या डोळ्यातलं पाणी वगैरे आलं असतं. ही बाई काय लिहिते? ते पैसे मास्तर हेडमास्तरांकडे जमा करतात आणि हेडमास्तर पावती देतात. पावती! नंतर बाप तणतणत शाळेत जातो की मुलगी माझी म्हणजे पैसे माझे, आणि हेडमास्तर पावती पुढे करतात. मी चौतीस वर्षं बँकेत काढली. पावतीला कादंबरीत एवढा मान मी आधी कधी बघितला नव्हता. मी पलंगावर बसून टाळी वाजवली, स्वयंपाकघरातून आवाज आला, काय झालं, काही पाहिजे का?

तर तिथून माझ्या डोक्यात हे खूळ शिरलं. मला वाटतं आपण कादंबरी वाचताना चुकीचं बघत बसतो. प्रेम कोणाचं कोणावर, लग्न होणार का मोडणार. या बायकांच्या कादंबऱ्या वाचताना आधी कॅश बघायची. कोणाकडे किती आहे, कोणी कोणाला दिले, कोणाच्या हाताने दिले, सही कोणाची. सगळी गोष्ट तिथे असते. पुढची सात-आठ पुस्तकं मी अशीच वाचली, पेन्सिल घेऊन, समासात आकडे लिहीत. भाचीने पुस्तक परत घेतलं तेव्हा म्हणाली, मावशी, तू याचं लेजर केलंयस.

दुसरं पुस्तक 'सो लाँग अ लेटर', मारियामा बा, सेनेगल. मूळ फ्रेंच, १९७९, मी अर्थात इंग्रजीत वाचलं. नव्वदेक पानांचं पुस्तक आहे, कोणाला जाड पुस्तकांची भीती असेल तर इथून सुरू करा. ही बाई शाळामास्तरीण होती, पन्नाशीला आल्यावर पहिली कादंबरी, १९८० मध्ये आफ्रिकेतल्या पुस्तकांसाठी नोमा पुरस्कार सुरू झाला तो पहिलाच हिला, आणि १९८१ मध्ये बाई गेल्यासुद्धा. तर कादंबरी म्हणजे एक लांबलचक पत्र. रामातुलायचा नवरा हार्ट ॲटॅकने गेलाय, बारा मुलं आहेत, ती इद्दतीचे, म्हणजे मुसलमान विधवेने पाळायचे, चार महिने दहा दिवस घरात बसून मैत्रिणीला लिहितेय. आणि नवऱ्याने पाच वर्षांपूर्वी दुसरी केली होती. कोण? स्वतःच्या मुलीची वर्गमैत्रीण.

लोक या पुस्तकाबद्दल बोलतात तेव्हा बहुपत्नीत्वावर बोलतात, बोलावंच. मला मात्र पहिल्या पानांतली ती घरातली गर्दी दिसते. माणसं भेटायला येतायत, बायका पाकिटं देतायत, आणि कोणी किती दिले ते नीट लिहून घेतलं जातंय, कारण उद्या त्यांच्याकडे असं काही झालं की तेवढं परत करायचंय. अहो ही आहेराची वही! आमच्या आईची अशी वही अजून माझ्याकडे आहे, माझ्या लग्नातली, निळ्या शाईची. अमुक मामा एक्कावन, तमुक वन्सं ब्लाउजपीस आणि अकरा, शेजारचे जोशी, नाही, नाव नको, शेजारचे अमुक, स्टीलचं पातेलं, आणि पुढे कंसात आईने लिहिलंय 'पातळ आहे'. (हशा) आणि फक्त लग्नाची नाही, दहाव्या-तेराव्याला माहेरचा आहेर येतो त्याचीही नोंद असते, फक्त त्या पानाबद्दल आपण मोठ्याने बोलत नाही. ही सेनेगलची बाई मोठ्याने बोलते. आणि शेवटी काय होतं, तो नोटांचा गठ्ठा सासरचे घेऊन जातात. बारा मुलं जिच्या पदरात ती नुसती बघत राहते.

मग हळूहळू कळतं की नवऱ्याने नव्या बायकोसाठी जो बंगला घेतला तो बँकेचं कर्ज काढून, आणि तारण काय ठेवलं? ही राहते ते घर. ते घर दोघांच्या बचतीतून उभं राहिलेलं, ही पण शिक्षिका, हिचेही पैसे त्यात गेलेत, पण कागदावर नाव एकट्याचं. लोन सेक्शनला बसलेल्या बाईला ही ओळ वाचताना काय होतं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. असे किती कागद या हातांखालून गेलेत. टायटल क्लिअर आहे ना, आहे, मंजूर. घरात कोण राहतं हे विचारायला फॉर्मवर रकानाच नव्हता.

आता मी जरा बाजूला जाते. घड्याळाकडे बघू नका, मी बघतेय.

मघाच्या 'नर्व्हस कंडिशन्स'मध्ये माइगुरु म्हणून आहे, तांबूची मोठी काकू. नवरा मिशनच्या शाळेचा हेडमास्तर, इंग्लंडहून शिकून आलेला, गावात देवासारखा मान. मास्टर्स डिग्री. आणि मध्येच तांबूला कळतं की काकूकडेही मास्टर्स डिग्री आहे, ती पण इंग्लंडला शिकलीये, कोणाला माहीतच नाही, कोणी विचारलंच नाही. काकू नोकरी करते, पगार येतो, आणि तो पगार तिच्या हातात राहत नाही. नवऱ्याच्या अख्ख्या खटल्याची पोटं त्याच्यावर भरतात.

हे वाचलं आणि मला आमची एक खातेदार आठवली. बाई म्हणू, नाव नको. तालुक्याच्या ठिकाणी आमची शाखा, मी तेव्हा क्लार्क, साल सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी असेल. बँकेचं नाव घेत नाही, पेन्शन तिथूनच येते. (हशा) बाई प्राथमिक शिक्षिका. पगार झाला की दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला यायच्या, बरोबर मिस्टर. स्लिप मिस्टरांनी घरूनच भरून आणलेली, खाली फक्त सही राहिलेली. ते स्लिप काउंटरवर ठेवायचे, बोटाने सहीची जागा दाखवायचे, दर महिन्याला, जणू सहीची जागा बदलत असते. बाई सही करायच्या. पैसे मिस्टर मोजायचे, अंगठ्याला जीभ लावून, दोनदा. मग त्यातून वीसची एक नोट काढून बाईंना द्यायचे, एसटीला. बाई ती नोट चार घड्या घालून रुमालाच्या टोकात बांधायच्या. माणूस वाईट नव्हता बरं का. आवाज चढवून बोलल्याचं मला आठवत नाही. आम्हाला सगळ्यांना दिवाळीला फराळाचा डबा द्यायचा.

एकदा बाई एकट्या आल्या, मधल्या सुट्टीत, धापा टाकत. मला हळूच विचारतात, मॅडम, घरी कागद येणार नाही असं खातं असतं का? मी म्हटलं असतं. पन्नास रुपये महिना, पाच वर्षांची आरडी, पत्ता शाळेचा. भरायच्या कशा? ट्यूशनचे दोन पोरांचे पैसे यायचे, ते. कशासाठी साठवतेय ते बाईंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कर्जाला विचारतात कशासाठी, ठेवीला विचारायचं नसतं. पाच वर्षं एकही हप्ता चुकला नाही. पाऊस असो, परीक्षा असो, सहामाहीच्या सुट्टीत पोरीला पाठवायच्या पैसे घेऊन.

आणि मुदत संपायच्या महिन्यात माझी बदली शेजारच्या शाखेत. नव्याने आलेल्या पोराने मुदत संपल्याची पत्रं टाईप केली, आणि पत्ता घेतला तो सेव्हिंगच्या लेजरमधला. घरचा. बिचाऱ्याचा काही दोष नाही, आरडीच्या कार्डावर मी पेन्सिलने लिहिलं होतं 'पत्र शाळेवर', पेन्सिलने! मी! इतरांना आयुष्यभर शाईने लिहा म्हणून ओरडणारी.

मला हे कळलं ते कसं, तर मिस्टर नव्या शाखेत मला भेटायला आले. ते पत्र घेऊन. अगदी शांतपणे बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, मॅडम, एवढी बचत करायची सवय तुम्ही लावलीत हिला, आभार. बास. तीन हजार नऊशे का काहीतरी झाले होते. महिन्याभरात दारात सेकंडहँड लूना आली, चालवायचे कोण ते वेगळं सांगत नाही.

दोन-तीन महिन्यांनी बाई आल्या. मी काउंटरच्या मागे, तोंड कुठे लपवू असं झालेलं. बाईंनी पर्स उघडली आणि म्हणाल्या, तीस रुपयांची काढायची, यावेळी पत्ता तुमच्या घरचा घाला. नियमात बसत नव्हतं. घातला. पाच वर्षांनी आमच्या घरी पाकीट आलं, ह्यांनी उघडलं, आणि मला विचारलं, ही कोण, आपल्याकडे राहते का? (हशा) तुम्ही हसताय, मला त्या संध्याकाळी अर्धा तास खुलासा करावा लागला. आठवतंय ना? बघा, आठवतंय त्यांना.

तर माइगुरु. ती एक दिवस सगळं बोलून टाकते, की माझे पैसे घेताना मी घरातली, एरवी मी कोणी नाही, आणि चालती होते. पाच दिवस. भावाकडे जाऊन राहते आणि पाच दिवसांनी नवरा तिला परत घेऊन येतो. मुलगी न्याशा म्हणते, गेलीस तर कुठे, भावाकडेच? पुष्कळ वाचकांना हे पाच दिवस फार थोडे वाटतात. माझ्या भाचीला पण वाटले. मला नाही वाटले. माझ्या आईने असे पाच दिवस कधी घेतले नाहीत.

आता नायजेरिया. तिथे एक वेगळीच गंमत, की लग्नात पैसे नवऱ्याकडचे देतात, मुलीच्या बापाला. आपल्याकडच्या मुली हे ऐकल्या की म्हणतात वा, भारी. थांबा. आपल्याकडेही बऱ्याच जातींमध्ये देज होतं, आजीला विचारा, त्याने बायकांचं काही सोनं झालं नव्हतं. पैसे या बाजूने आले काय किंवा त्या बाजूने गेले काय, बाईच्या हातावर टेकत नाहीत.

फ्लोरा न्वापाची 'एफुरू' १९६६ ची. आफ्रिकेतल्या बाईने इंग्रजीत लिहिलेल्या अगदी पहिल्या कादंबऱ्यांतली, लंडनहून छापून आलेली. तिच्यातली एफुरू देज न घेताच नवऱ्याच्या घरी जाते, कारण त्याच्याकडे पैसेच नाहीत, मग दोघं व्यापार करून ते पैसे उभे करतात आणि बापाला नेऊन देतात. शेती करणार नाही म्हणते, मला व्यापार कळतो. सुकट विकते. हो, सुकटच, त्यांच्याकडे छोटी कोळंबीसारखी असते ती, सुकवलेली. लोकांना उसने पैसे देते आणि वसुलीला अजानुपू नावाची मावससासू जाते. ही अजानुपू मला आमच्या शाखेत हवी होती, एकही खातं एनपीए, म्हणजे थकीत, झालं नसतं. शेवटी एफुरूचा दुसरा नवरा तिच्यावर खोटा आळ घेतो, अजानुपू त्याला बोलते तर तो अजानुपूलाच थोबाडीत मारतो, तेव्हा ही मुसळ उचलते आणि त्याच्या डोक्यात घालते. मुसळ! केराकडे नंतर बघू. (हशा)

आणि हे सगळं असून कादंबरी संपते ती एका प्रश्नावर. एफुरू गावच्या तळ्यातल्या देवीची, उहामिरीची, उपासक होते. देवी धन देते, रूप देते, मूल देत नाही. तिला स्वतःला आईपणाचं सुख माहीत नाही, मग बायका तिला का पूजतात? इथे कादंबरी बंद. उत्तर नाही. आणि त्याच ओळीतले शब्द उचलून बुची एमेचेताने १९७९ मध्ये आपल्या कादंबरीचं नाव ठेवलं, 'द जॉइज ऑफ मदरहुड'. एका बाईने प्रश्न टाकून ठेवला, तेरा वर्षांनी दुसरीने शीर्षकात घेतला.

एमेचेताबद्दल एवढंच सांगते, सोळाव्या वर्षी लग्न, विशी गाठेपर्यंत लंडन, पाच मुलं, आणि पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित नवऱ्याने जाळलं. ती पोरांना घेऊन बाहेर पडली आणि ती कादंबरी पुन्हा लिहिली. तिचं नाव 'द ब्राइड प्राइस', म्हणजे देजच.

आता 'जॉइज'मधला कोर्टाचा प्रसंग, ज्याच्यासाठी मी खरं तर आज आले. न्नू एगो, लागोसमध्ये राहते, नवरा आधी गोऱ्या साहेबाकडे धोबी, मडमेचे आतले कपडे धुतो म्हणून हिला त्याची लाज, मग तो रेल्वेत गवत कापायला, तिथून त्याला थेट महायुद्धात उचलून नेतात. मागे ही सिगारेटी विकते, काडेपेट्या विकते, लाकडं विकते, पोरांच्या फिया भरते. पुढे नवरा परत येतो, मुलगी दुसऱ्या जमातीच्या मुलाबरोबर पळून जाते, हा कोयता घेऊन धावतो, केस होते. कोर्टात वकील न्नू एगोला विचारतो, मुलांची फी कोण भरतं? ती म्हणते नवरा. वकील म्हणतो, तो तर लढाईवर होता. मग ती समजावून सांगते, की नवरा घराचा धनी आहे, जसा आभाळातला देव आपला सगळ्यांचा धनी, तसा तो माझा धनी, म्हणजे फी मी भरली तरी मी त्याची, म्हणजे भरली त्यानेच.

कोर्टात हशा होतो. मी हसले नाही. ही अकाउंटिंगची एंट्री आहे हो. डेबिट हिच्या घामाला, क्रेडिट त्याच्या नावाला, आणि दोन्ही बाजू जुळतात! पैशाची चूक नाही. ताळेबंद टॅली आहे.

शेवट सांगू का? सांगते, जुनं पुस्तक आहे. थोरला मुलगा अमेरिकेला, दुसरा कॅनडाला. ही गावी परत जाते आणि एका रात्री रस्त्याच्या कडेला पडून मरते, हात धरायला कोणी नाही. पोरांच्या पायी मैत्रिणी करायला वेळच मिळाला नाही तिला. आणि मग मुलं येतात आणि गावाने बघितला नाही असा खर्च करतात अंत्यविधीला. इथे बसलेल्या किती जणांची मुलं अमेरिकेत आहेत ते मी हात वर करा म्हणत नाही.

(चिठ्ठी येते.) काय लिहिलंय... 'साडेसातला भजनी मंडळ'. बरं. म्हणजे बारा मिनिटं. मग भिशीचं राहिलं. भिशी तिकडे सगळीकडे आहे, नायजेरियात एसुसु, घानात सुसु, केनियात चामा, दक्षिण आफ्रिकेत स्टोकव्हेल. आणि केनियात मोबाईलवरून पैसे पाठवायचं ते एम-पेसा, २००७ पासूनचं, त्यातला पेसा म्हणजे आपला पैसाच, समुद्रावरून गेलेला. विम्यालाही ते बिमाच म्हणतात. असो.

आता कोणीतरी म्हणेल, आफ्रिका म्हणून एवढे देश एका पिशवीत कसे घातलेस बाई. बरोबर आहे, चोपन्न देश आहेत, उद्या कोणी एक पुण्याची आणि एक टोकियोची लेखिका 'आशियाई' म्हणून एका पिशवीत घातली तर आपण भांडू. पिशवी भाचीची होती, एवढंच माझं उत्तर. आणि त्यात इजिप्तचीही एक होती, तर ह्यांनी विचारलं इजिप्त आफ्रिकेत येतं का. येतं. नवाल अल सादावी, डॉक्टर होत्या, मनोविकारतज्ज्ञ, 'वूमन ॲट पॉइंट झिरो', मूळ अरबी, १९७५. फाशीची शिक्षा झालेल्या बाईची गोष्ट, फिरदौसची. तिला लहानपणापासून जेवताना कोणीतरी तिच्या ताटाकडे बघत असतं, पुढे म्हातारा नवरा तर कचऱ्याच्या डब्यात बघतो की हिने किती टाकलं. आणि ज्या दिवशी तिच्या हातात स्वतःची दहा पौंडांची नोट येते, कशी येते ते सांगायची गरज नाही, ती हॉटेलात जाऊन कोंबडी मागवते आणि वेटर तिच्या ताटाकडे बघत नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मोजत नाहीये. दोन पानं आहेत. ती दोन पानं मी चार वेळा वाचली, मग उठून काठी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि उभ्याने दोन लाडू खाल्ले. शुगर आहे मला.

आता भाषा. भरभर.

पहिलं. डांगारेम्ब्गाच्या कादंबरीत बाबामुकुरु, माइगुरु, टेटे हे शोना भाषेतले शब्द इंग्रजीत तसेच ठेवलेत. बाबामुकुरु म्हणजे वडिलांचा मोठा भाऊ, शब्दशः मोठे बाबा. माइगुरु मोठी आई. टेटे म्हणजे आत्या. इंग्रजी वाचकाला हे पाठ करावं लागतं कारण त्याच्याकडे अंकल आणि आंटी एवढंच. आपल्याला काही पाठ करावं लागत नाही. तिथे घराची बैठक बसते तेव्हा टेटे पुरुषांबरोबर बसते आणि सुना स्वयंपाकघरात. आत्याबाईंचा मान! मला हे वाचताना एक मिनिट थांबावं लागलं नाही. म्हणून मला वाटतं की या पुस्तकांना इंग्रजीपेक्षा मराठी जास्त मानवेल, आणि कोणीतरी तरुणाने हे काम अंगावर घ्यावं, यावर मला खरं तर अर्धा तास बोलायचं होतं.

दुसरं. न्नू एगोची 'ची'. नायजेरियातल्या इग्बो लोकांत प्रत्येकाची आपली एक ची असते, सोबत जन्मलेली. इंग्रजीत त्याला कोणी देव म्हणतं कोणी आत्मा म्हणतं. एमेचेता सरळ ची म्हणते आणि पुढे जाते. आपल्याकडे सटवाई, कुलदैवत, नशीब, यातलं कुठलंच पूर्ण नाही, तेव्हा मराठीतही ची असंच ठेवावं. सगळंच आपल्यासारखं आहे असं म्हणत सुटले मी मघापासून, तर हे तसं नाही हेही सांगून ठेवते.

तिसरं आणि बास. घानाच्या आमा आटा आयडू, २०२३ मध्ये गेल्या, त्यांची 'चेंजेस', १९९१. एसी नावाची बाई, सरकारी खात्यात आकडेवारी बघते, नवऱ्यापेक्षा जास्त कमावते. एका सकाळी नवरा तिच्यावर जबरदस्ती करतो. तो निघून जातो आणि ती बसून विचार करते की याला आपल्या भाषेत काय म्हणायचं. इंग्रजीत शब्द आहे. तिच्या भाषेत शोधते, सापडत नाही. कारण नवऱ्याने घेतलं त्याला चोरी कशी म्हणणार. आता आपल्याकडे पेपरात 'वैवाहिक बलात्कार' असा शब्द येतो. तो पेपरातला शब्द झाला. घरात आपण काय म्हणतो? माझी आजी म्हणायची 'त्रास देतात'. 'ह्यांना त्रास द्यायची सवय आहे.' तेवढंच. बाकी बायका मान हलवायच्या आणि सगळ्यांना कळायचं.

हो हो, पेट्या वाजायला लागल्या बाहेर, ऐकू येतंय. एकच, गाडीचं. 'सो लाँग अ लेटर'मध्ये रामातुलायला मैत्रीण आइसातू नवी फियाट १२५ घेऊन देते, क्रीम रंगाची, कारण ही पोरांना घेऊन बसच्या रांगेत उभी असते. आणि 'चेंजेस'मध्ये एसीची मैत्रीण ओपोकुया रोज सकाळी नवऱ्याशी गाडीवरून भांडते, शेवटी तिला मैत्रिणीचीच जुनी गाडी मिळते. एक सेनेगल, एक घाना, दोन्हीकडे गाडी मैत्रिणीकडून. मी समासात दोन्हीकडे टिक केलंय, बघा.

पुस्तकं टेबलावर ठेवलीत, भाचीला विचारून आणलीत. ज्यांना न्यायचं त्यांनी न्या. शेजारी वही आहे, तिच्यात नाव, पुस्तक आणि तारीख लिहा. पेन्सिलने नको.